आमचें घर : लांकडाला तडा कां जातो?

गेल्या महिन्यांत सातारा जिल्ह्यांतील एका वाचकांचें पत्र आम्हांस आलें. पत्र घरगुती आहे. परंतु त्यांतील प्रश्न आज अनेक जुन्या घरांपुढें उभा असल्यामुळें त्याचें उत्तर खासगी न ठेवितां या सदरांत देण्याचें आम्हीं ठरविलें. त्यांच्या वडिलोपार्जित वाड्याच्या माजघरांतील दोन तुळया वाळवीनें पोखरल्या होत्या. गेल्या मार्गशीर्षांत त्या काढून नव्या सागवानी तुळया बसविल्या. पैसा सढळ हातानें खर्च केला होता. लांकूड निरखून घेतलें होतें. त्यास गांठ नाहीं, कीड नाहीं, रंग तर सोन्यासारखा. फाल्गुन सरला, आणि चैत्रांतील एका मध्यरात्रीं बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होऊन सारें घर जागें झालें. दिवा लावून पाहतात तों एका तुळईला टोंकापासून चार फूट लांबीचा तडा गेलेला, आणि तोहि बोट शिरेल एवढा रुंद. त्याच तुळईखालीं त्यांच्या वृद्ध वडिलांचा पलंग!

तेव्हांपासून घरांत तीन मतें झालीं आहेत. मातोश्रींच्या मतें हा अपशकुन असून शांत करावयास हवी. वडील म्हणतात, "माझा जन्म या खोलींत झाला, पलंग हालणार नाहीं." कंत्राटदार म्हणतो, "साहेब, लांकूड म्हटलें म्हणजे तडा जाणारच." आणि आमचे पत्रलेखक दोन प्रश्न विचारतात : ही तुळई काढून टाकावी काय? आणि उरलेल्या खणांसाठीं आणलेलें लांकूड अंगणांत पडलें आहे, त्याची तीच गत होऊं नये म्हणून काय करावें?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों, कारण तें आजच अमलांत आणावयाचें आहे. अंगणांतील तें लांकूड आजच सावलींत घ्या. हा लेख मागाहून वाचला तरी चालेल.

आम्ही हें अधिकाराच्या वाणीनें सांगत नाहीं, पस्तावलेल्या माणसाच्या वाणीनें सांगत आहों. १९९६ सालीं आमच्या घाटावरील घराची ओटी दुरुस्त करावयाची होती. कोंकणांत आमच्या आजोळीं ऐन पावसाळ्यांत ऐनाचें एक जुनें झाड उन्मळून पडलें होतें. घरच्या झाडाची तुळई घरालाच लागावी, या हौसेनें तो सोट आम्हीं घाटावर आणविला. ज्यांना आम्ही लहानपणापासून सुतारमामा म्हणत आलों, त्या वृद्ध कारागिरांनीं ओंडक्यावर हात फिरविला आणि म्हणाले, "भाऊ, हें लांकूड अजून पाण्यानें भरलेलें आहे. दोन पावसाळे पडवींत पडूं द्या, मग मला हांक मारा." परंतु वैशाखांत घरांत मुंज होती आणि ओटी त्याआधीं सजावयास हवी होती. आम्ही चार पुस्तकें वाचलेले. मामांना काम पुढें ढकलावयाचें असेल, असा आमचा तर्क! त्यांनीं पुन्हां शब्द काढला नाहीं. माघांत तुळई चढली, आणि चैत्र संपण्यापूर्वीं तिला तीन ठिकाणीं तडे गेले. मामा आले, त्यांनीं दोषाचा एक शब्दहि उच्चारला नाहीं, तुळईला दोन लोखंडी पट्टे ठोकले आणि एका टोंकाखालीं एक जास्तीचा खांब दिला. तो खांब आजहि ओटीवर वाट अडवून उभा आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हा येथें मध्येंच कां?" आणि प्रत्येकास आम्हांला आमच्या घाईची कथा सांगावी लागते.

आतां तडा कां जातो तें पाहूं. जिवंत झाडाच्या लांकडांत पाणी दोन ठिकाणीं असतें. कांहीं पाणी पेशींच्या पोकळींत भरलेलें असतें, तर कांहीं पेशींच्या भिंतींतच मुरलेलें असतें. झाड तोडल्यावर पोकळींतलें पाणी प्रथम निघून जातें. तें जातांना लांकडाचें वजन घटतें, परंतु आकार बदलत नाहीं. ओलावा कोरड्या लांकडाच्या वजनाच्या सुमारें तीस टक्क्यांवर आला कीं भिंतींतलें पाणी निघूं लागतें, आणि मग लांकूड आकसूं लागतें. जें कांहीं घडावयाचें तें या टप्प्याच्या पुढें घडतें.

हें आकसणें सर्व दिशांनीं सारखें असतें, तर तडा गेलाच नसता. परंतु तसें नसतें. लांबींत लांकूड जवळजवळ आकसतच नाहीं. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनें, तें थोडें आकसतें. आणि वर्षावर्षांच्या वलयांच्या दिशेनें, म्हणजे घेराच्या बाजूनें, त्याच्या सुमारें दुप्पट आकसतें. साग हें या बाबतींत मोठें शहाणें लांकूड मानिलें जातें. तरी सागसुद्धां ओल्याचा पूर्ण कोरडा होईपर्यंत त्रिज्येच्या दिशेनें सुमारें अडीच टक्के, तर घेराच्या दिशेनें साडेपांच ते सहा टक्के आकसतो. घरांत लांकूड कधींच पूर्ण कोरडें होत नाहीं, म्हणून यांतील दोनतृतीयांश धरलें, तरी बारा इंच रुंदीमागें एका दिशेनें सुमारें अर्धा इंच आणि दुसऱ्या दिशेनें जेमतेम पाव इंच, इतका फरक पडतो.

आतां अशी तुळई डोळ्यांसमोर आणा, कीं जिच्या पोटांत झाडाचा गाभा अखंड आहे आणि ज्याच्याभोंवतीं वलयें बांगड्यांप्रमाणें पुरीं वेढलेलीं आहेत. बांगडी आकसूं पाहते, परंतु आंतला हात तितका बारीक होत नाहीं. मग बांगडी फुटल्यावांचून गत्यंतर काय? म्हणून अखंड गाभ्याच्या जाड लांकडाला कोठें ना कोठें सालीपासून गाभ्यापर्यंत भेग पडते, ती बहुधा टळत नाहीं.

याच्या जोडीला दुसरें कारण आहे, तें आमच्या वाचकभगिनींना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. उडदाचे पापड लाटून कोणी थेट वैशाखाच्या उन्हांत टाकीत नाहीं. ते आधीं सावलींत वाळवितात. उन्हांत वरचें अंग झटकन् सुकतें, आंतलें ओलें राहतें, आणि पापड वांकडा होऊन चिरतो. तुळईचेंहि तसेंच आहे. बाहेरचें लांकूड आकसूं पाहतें, आंतलें ओलें लांकूड त्यास आकसूं देत नाहीं, आणि या ओढाताणींत पृष्ठभाग फाटतो. त्यांतहि टोंकांची कथा निराळी. लांकडाच्या नळ्या तेथें उघड्या असल्यामुळें टोंकांतून पाणी बाजूंच्या मानानें दहापट किंवा त्याहूनहि अधिक वेगानें निघून जातें. म्हणून बहुतेक तडे टोंकापासून सुरू होतात, आणि आमच्या पत्रलेखकांचा तडाहि टोंकापासूनच गेला आहे.

तेव्हां कंत्राटदाराचें म्हणणें अर्धेंच खरें आहे. लांकूड आकसणार हें खरें, आणि तें कोणाच्यानें थांबविलें जावयाचें नाहीं. परंतु तें केव्हां आकसावें, किती सावकाश आकसावें, आणि भेग पडलीच तर ती कोठें पडावी, हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं असतें. जें आकसणें घर बांधण्यापूर्वीं पडवींत व्हावयास हवें होतें, तेंच आपण डोक्यावर घडवून आणतों. चूक होते ती एवढीच.

आतां काळजी कशी घ्यावी तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट निवडीची. सर्व लांकडें सारख्या स्वभावाचीं नसतात. डेहराडून येथील वनसंशोधन संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. तेथील दीर्घ अभ्यासावरून आपल्याकडील लांकडांचे वाळण्याच्या दृष्टीनें तीन वर्ग मानतात. साल आणि ऐन हे अति हट्टी. ते वाळतांना फाटावयास टपलेलेच असतात. साग, शिसव हे मधल्या वर्गांतले. आंबा, देवदार, सावर हे सौम्य. ते लवकर आणि बिनतक्रार वाळतात, परंतु आंबा व सावर यांना कीड लवकर लागते, म्हणून तुळईच्या कामाचे नव्हेत. ऐन मजबूत खराच, आणि कोंकणांतील किती तरी घरें त्यावर उभीं आहेत. परंतु दमट कोंकणांतला ओला ऐन घाटावरच्या कोरड्या वाऱ्यांत आणून माघांत चढविणें, हा आमच्यासारख्यांचाच पराक्रम!

दुसरी गोष्ट चिरकामाची. वखारींत लांकूड घेतांना लांबीरुंदी आणि रंग एवढेंच न पाहतां दोन्ही टोंकें पाहावीं. वलयांचें मध्यबिंदु तुळईच्या पोटांत दिसत असेल, तर ती गाभ्याची तुळई आहे असें समजावें. मोठ्या ओंडक्याचे गाभ्यांतून उभे दोन किंवा चार भाग करून त्यांतून काढलेली तुळई महाग पडते, कारण त्यास झाड मोठें लागतें. परंतु तिच्यांत वलयाची बांगडी आधींच तोडलेली असते, त्यामुळें फाटण्याचें मुख्य कारण नाहींसें होतें. तेवढें मोठें झाड न मिळाल्यास दोन बारीक तुळया जोडीनें वापराव्या.

तिसरी गोष्ट टोंकांची. ओंडका कापतांच, शक्य तर त्याच दिवशीं, दोन्ही टोंकांना मेण, डांबर किंवा जाड तेलरंगाचे दोन हात द्यावे. खेड्यांत शेणमातीचा जाड लेप देतात; तो वेळोवेळीं नवा केल्यास उपयोगी पडतो. हेतु इतकाच कीं, टोंकांनीं पुढें धांवूं नये, साऱ्या तुळईनें एकत्र चालावें. जुन्या रेल्वेच्या लांकडी स्लीपरांच्या टोंकांत इंग्रजी एस्‌ अक्षराच्या आकाराची लोखंडी पट्टी ठोकलेली वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. ती भेग पडूं न देण्यासाठीं नसून पडलेली भेग पुढें सरकूं न देण्यासाठीं असते.

चौथी गोष्ट रचण्याची. जमिनीपासून फूटभर उंच दगडी किंवा विटांचे ओटे करून त्यांवर लांकूड रचावें. दोन थरांमध्यें इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या घालाव्या, आणि त्या पट्ट्या सर्व थरांत एकाखालीं एक अशा सरळ रेषेंत असाव्या. नाहीं तर लांकूड वांकतें. वर छप्पर असावें, बाजूंनीं वारा खेळावा, परंतु पश्चिमेचें ऊन आणि उन्हाळ्यांतला कोरडा झोत लागूं नये. वरच्या थरावर दगडांचें वजन ठेवावें. हट्टी लांकडाचें चिरकाम पावसाळा संपतांच करून तें थंडीच्या आरंभीं रचावें, म्हणजे पहिले कांहीं महिने तें हळूहळू वाळतें. चैत्रांत चिरून चैत्रांतच रचणें म्हणजे पापड तापलेल्या तव्यावर वाळविणें होय. चिरकाम लांबणार असेल, तर ओंडका तळ्यांत बुडवून ठेवण्याची जुनी रीतहि चांगली आहे. पाण्यांत असेपर्यंत तो वाळत नाहीं म्हणून फाटत नाहीं, आणि त्यांतील पिष्टद्रव्य कांहीं अंशीं धुऊन जात असल्यामुळें भुंग्यांनाहि तो कमी रुचतो.

पांचवी गोष्ट काळाची, आणि हीच सर्वांत अवघड. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा एक ठोकताळा पुष्कळ देशांच्या सुतारांत चालत आला आहे. फळ्यांच्या बाबतींत साग याहून पुष्कळ लवकर वाळतो. परंतु दहा-बारा इंची तुळई आंतून वाळावयास वर्षेंच लागतात. ब्रह्मदेशांत साग तोडण्यापूर्वीं दोन-तीन वर्षें त्याच्या बुंध्याची साल व पांढरें लांकूड वर्तुळाकार कापून झाड उभेंच वाळूं देण्याची रीत होती. मुख्य हेतु ओंडका नदींत तरंगावा हा, पण त्या योगानें लांकडाचें अर्धें वाळणें रानांतच होऊन जाई. ज्यांना थांबणें शक्य नाहीं, त्यांनीं भट्टींत वाळविलेलें लांकूड घ्यावें. मात्र जाड तुळई भट्टींतहि घाई सहन करीत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

लांकूड वाळलें कीं नाहीं हें विक्रेत्याच्या शब्दावर सोडूं नये. आतां ओलावा मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें. तेंहि नको असेल, तर घरची भट्टी आणि वजनकांटा पुरे. टोंकापासून दीडदोन फूट आंतून एक पातळ चकती कापून घ्यावी व लगेच तोलावी. मग शंभर अंशांच्या किंचित् वर, सुमारें १०३ अंश उष्णतेंत, वजन घटण्याचें थांबेपर्यंत तापवून पुन्हां तोलावी. समजा, प्रथम २६० ग्रॅम भरलें आणि अखेर २०० ग्रॅम. तर ६० ग्रॅम पाणी, म्हणजे कोरड्या वजनाच्या तीस टक्के ओलावा. अशी तुळई घरांत घेऊं नये. भारतीय मानकाप्रमाणें तुळयांसाठीं कोरड्या प्रदेशांत सुमारें १२ टक्के, तर अति दमट प्रदेशांत २० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो.

आणि ज्यांना गाभ्याचेंच लांकूड वापरणें प्राप्त आहे, त्यांनीं काय करावें? जपानी सुतारांची एक युक्ति येथें सांगण्याजोगी आहे. ते खांबाच्या मागच्या बाजूला, जी भिंतीकडे जाऊन दृष्टीआड होणार असते, लांबीभर सरळ करवतीचा छेद गाभ्यापर्यंत घेतात. लांकूड आकसतें तेव्हां तो छेदच रुंद होतो आणि पुढचीं तीन अंगें निर्दोष राहतात. मात्र ही युक्ति खांबाची आहे. तुळईस जाणत्याच्या सल्ल्यावांचून छेद देऊं नये. इंग्लंडांत ओकच्या घरांची चौकट तर ओल्या लांकडाचीच उभी करितात. भेगा पडणार हें गृहीत धरून लांकूड जाड घेतात, आणि सांध्यांतील खुंटीचीं भोंकें किंचित् हुकवून पाडतात, म्हणजे खुंटी ठोकतांच सांधा घट्ट ओढला जातो. तात्पर्य, शहाण्या कारागिरानें भेग नाकारली नाहीं. तिला जागा नेमून दिली.

बसवितांनाहि दोन पथ्यें पाळावीं. तुळईचें टोंक सिमेंटांत गाडूं नये. त्याभोंवतीं हवेला जागा ठेवावी. आणि अर्धवट ओल्या लांकडाला लोखंडी पट्टीवर दोन समांतर रांगांनीं बोल्ट आवळूं नयेत. लांकूड त्या दोन रांगांच्या मध्यें आकसूं पाहतें, लोखंड हलत नाहीं, आणि बोल्टांच्या रेषेवरच तें फाटतें.

आणखी एक सूचना. आज गांवोगांवीं जुने वाडे उतरत आहेत आणि त्यांचें सागवान विक्रीस येतें. शंभर वर्षें छपराखालीं राहिलेलें तें लांकूड जें आकसावयाचें तें आकसून बसलें आहे. खिळे, वाळवी आणि जुनीं कुसवांचीं भोंकें नीट तपासून घेतल्यास नव्या ओल्या तुळईपेक्षां तें शतपटीनें बरें. आमच्या पत्रलेखकांना उरलेल्या खणांसाठीं हाच मार्ग आम्ही प्रथम सुचवूं.

आतां त्यांचा पहिला प्रश्न. प्रत्येक तडा म्हणजे संकट नव्हे. जुन्या वाड्यांतील सुरूदार खांब जवळून पाहिल्यास त्यांवर उभ्या भेगा दिसतात, आणि तरी ते पिढ्यान् पिढ्या माथ्यावर माळा घेऊन उभे असतात. खांबावरील भार रेषांच्या दिशेनेंच खालीं उतरतो, म्हणून उभी भेग त्याचें फारसें बिघडवीत नाहीं. तुळईची गोष्ट वेगळी. टोंकाजवळ, उंचीच्या मध्यावर आडवी गेलेली भेग आरपार असेल, तर तुळईचे जणूं दोन थर होतात व ते एकमेकांवर सरकूं पाहतात. अशी भेग सांभाळावयास हवी. तिरपी होत तुळईच्या खालच्या कडेस जाऊन मिळणारी भेग, आणि कुसवांतून किंवा खुंटीच्या भोंकांतून जाणारी भेग, या दोन्ही धोक्याच्या समजाव्या.

पत्रांतील तडा टोंकापासूनच निघाला असल्यामुळें आम्ही सांगतों तें असें. आजच त्या टोंकाखालीं भक्कम टेकू द्या. टेकू बसेपर्यंत वडिलांचा पलंग दोन हात बाजूला घ्या. त्यांना म्हणावें, खोली सोडावयाची नाहीं, केवळ कूस बदलावयाची आहे. नंतर इमारतीच्या अभियंत्यास आणि जाणत्या सुतारास एकत्र बोलावून तडा दाखवा. त्यांचा निर्णय येईपर्यंत भेगेच्या टोंकाशीं पेन्सिलीची खूण करून तारीख घाला, आणि भेगेवर कागदाची पातळ पट्टी आडवी चिकटवा. पट्टी फाटली किंवा भेग खुणेपलीकडे गेली, तर ती वाढते आहे. पावसाळ्यांत भेग थोडी मिटली आणि उन्हाळ्यांत पुन्हां उघडली, तर घाबरूं नये; लांकूड हवेप्रमाणें श्वास घेतें. म्हणूनच उन्हाळ्यांत रुंदावलेली भेग सिमेंटनें किंवा कठीण लांबीनें गच्च भरूं नये. पावसांत लांकूड फुगतें, तें कठीण पूरण पाचरीसारखें काम करितें, आणि आपण आपल्याच हातानें भेग वाढवितों. शोभेसाठीं भरावयाचीच असेल, तर मेणांत कालविलेला भुसा भरावा, किंवा लांकडाची पातळ चीप एकाच अंगास चिकटवावी.

मातोश्रींना शांत करावयाची असल्यास अवश्य करावी. ज्या घरांत मध्यरात्रीं असा आवाज झाला, तेथें चार मंत्र कानीं पडल्यानें मनें स्थिर होत असतील, तर त्यास आमचा विरोध नाहीं. फक्त टेकू आधीं द्यावा.

राहिला दोष कोणाचा हा प्रश्न. पत्रलेखक कंत्राटदारावर रुष्ट आहेत, आणि तो त्यांस लांकडाचा ओलावा सांगूं शकला असता हें खरें. परंतु पत्रांतच एक वाक्य आहे : "मार्गशीर्षांतच काम उरकावें असा आमचा आग्रह होता." त्या वाक्यापाशीं आम्ही थोडा वेळ थबकलों, कारण तसें वाक्य आम्हीहि एकदां बोललों होतों. घर पहावें बांधून, असें आपले वडीलधारे उगीच म्हणत नसत. वाळवीनें खाल्लेल्या त्या जुन्या तुळया ज्या कोणी निवडल्या, त्यांनीं त्या आपल्या पडवींत किती पावसाळे ठेविल्या असतील, याची नोंद कोठेंच नाहीं. परंतु पत्रलेखकांच्या वडिलांचा पलंग आयुष्यभर त्यांच्याखालीं निर्धास्त होता, ही नोंद पुरेशी आहे.

आमचे सुतारमामा आतां नाहींत. त्यांनीं दिलेला तो खांब काढून ओटी मोकळी करावी, असें घरांतील तरुण मंडळी वारंवार सुचवितात, आणि तुळई आतां पुरी वाळली असल्यामुळें तसें करणें कदाचित् शक्यहि असेल. त्याचा निर्णय अभियंत्याला विचारूनच करूं. या वेळीं घाई करणार नाहीं.

पुढील महिन्यांत जुन्या घरांतील मातीच्या भिंतींना पावसाळ्यांत सुटणाऱ्या ओलीविषयीं लिहूं.